वास जाईपर्यंत

१९९६ सालचा फेब्रुवारी होता. सकाळची कॉलेजची पहिली घंटा नुकतीच झाली होती. अक्काताई वरुटेनं माझ्या टेबलावर एक बाटली ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, ही मेली."

मी बाटली उचलून खिडकीशी धरली. आत लिंबाच्या सरबतासारखं फिकट पिवळं पाणी. नितळ. तळाशी गाळ नाही, वर तरंग नाही.

"मेली म्हणजे?"

"दिव्याखाली धरली. उजेडच न्हाई. काळी ठिक्कर."

"काल केलीस तेव्हा बघितली नव्हतीस?"

"दिवा होता कुठं काल? आरवाडे सरांनी दिव्याचा खोका पुसायला घेतला होता. पाहुणे येणार म्हणून."

पाहुणे अकरा वाजता येणार होते, आणि ते जे बघायला येणार होते ते या बाटलीत होतं. किंवा असायला हवं होतं.

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. अक्काताई माझी पहिली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. नाव तिचं खरंच अक्काताई. आमच्या भागात मुलीचं असं नाव ठेवतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण त्यामुळे निवृत्तीला आलेले आमचे विभागप्रमुख आरवाडे सरसुद्धा एका सत्तावीस वर्षांच्या मुलीमागे दिवसभर "अक्काताई, अक्काताई" करत फिरायचे, आणि बाहेरच्या माणसाला वाटायचं की विभाग हीच चालवते. तसं ते फार चुकीचंही नव्हतं.

काम काय होतं तेवढं सांगते. कॅडमियम सल्फाइड हा जुना, ओळखीचा पदार्थ. चित्रकारांच्या पिवळ्या रंगात असतो. त्याची चिमूटभर पूड घेतली तर ती पिवळी दिसते आणि अतिनील दिव्याखाली धरली तरी विशेष काही घडत नाही. पण त्याचेच कण इतके बारीक केले, की एकेका कणात जेमतेम हजारभर अणू उरावेत, तर दिव्याखाली ते स्वतःचा रंग घेऊन उजळतात. आणि रंग कोणता, ते ठरतं कणाच्या मापावर. मोठा कण नारिंगी, मधला पिवळट, बारीक कण हिरवा, त्याहून बारीक निळा. पदार्थ बदलायचा नाही, फक्त माप बदलायचं.

आरवाडे सरांना हे कितीतरी दिवस पटत नव्हतं. "रंग हा पदार्थाचा गुण, बाई," ते मला म्हणायचे. "तो काय लहान-मोठं बघून बदलतो?" शेवटी अक्काताईनं त्यांना समजावलं. ती मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत खोली घेऊन राहायची.

"सर, सतारीची तार तीच असती का न्हाई? आखूड धरली की सूर चढतो, लांब सोडली की उतरतो. कण म्हणजे तार समजा. आखूड केला की रंग निळ्याकडं चढतो."

"हात्तिच्या," सर म्हणाले. "असं मराठीत सांगा की मग!"

या कामाची एकच पीडा होती, ती म्हणजे वास. कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ नयेत म्हणून पाण्यात थायॉल नावाचं गंधकाचं एक द्रव घालावं लागायचं, आणि त्याचा वास म्हणजे कुजका कांदा, त्यात लसूण, आणि वर तुंबलेलं गटार. वाफा ओढून घेणारं कपाट आमच्याकडे नव्हतं. एक खिडकी होती आणि तिच्यात बसवलेला घरघरणारा पंखा. इतिहासाच्या प्राध्यापकांनी आमच्या बाजूचा जिना सोडून दिला होता. अक्काताई बसमध्ये चढली की शेजारची बाई सरकून बसायची. "बसायला जागा मिळती मॅडम," ती म्हणायची, "वाईट काय हाय त्यात?"

दोन वर्षांपूर्वी आम्ही या उजेडाबद्दल एक छोटा लेख छापला होता. बंगलोरच्या एका मोठ्या संस्थेतल्या डॉ. उल्हास हळबे यांनी तीच कृती करून पाहिली आणि आपल्या लेखात एक वाक्य घातलं, की सदर गटाने नोंदवलेला प्रकाश आम्हांस आढळला नाही. वाक्य सभ्य होतं, पण आमच्या धंद्यात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पुढे अक्काताईचा प्रबंध पुरा झाला आणि विद्यापीठानं बाहेरचे परीक्षक म्हणून नेमले तेही हळबेच. त्यांनी प्रबंध फेटाळला नाही. एवढंच कळवलं की तोंडी परीक्षेला मी स्वतः येईन, आणि परीक्षेआधी आदल्या दिवशी केलेला ताजा नमुना माझ्या डोळ्यांसमोर उजळला पाहिजे. उजळला तर सही, नाही तर प्रबंध परत.

प्रबंध परत येणं म्हणजे पाच वर्षं पाण्यात. पण अक्काताईला ते तितकंसं बोचत नव्हतं.

"वर्षं काय, पुन्हा घालीन," ती म्हणाली होती. "पण खोटं केलं म्हणतील. वरुट्यांची पोर शिकली आणि खोटं करायला लागली, असं."

आणि आता ती बाटली माझ्या टेबलावर होती.

तेवढ्यात आरवाडे सर आले. हातात पेटती उदबत्ती, कपाळाला घाम. दोन दिवस त्यांनी विभाग नुसता उभा धुऊन काढला होता. काचा पुसल्या, कबुतरांची घरटी काढली, टेबलांवर नवं मेणकापड आलं.

"बघा बाई," ते म्हणाले, "येतोय कुठं वास? पाहुण्याला नाक मुरडायला जागा ठेवली नाही."

"सर, बाटली उजळत नाही," मी म्हटलं.

उदबत्तीची राख त्यांच्या बुशशर्टावर पडली.

प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीला खिडकी नव्हती. दार लावलं की भर दिवसा अंधार. तिथंच दिव्याचा खोका ठेवलेला असे. आम्ही तिघं आत गेलो, अक्काताईनं बाटली ठेवली, दिवा लावला. जांभळट झगमगीत बाटली तशीच काळी उभी राहिली. सरांनी ती फिरवून बघितली, जणू मागच्या बाजूनं उजळेल.

मग त्यांना एकदम आठवण झाली. कपाटात दिवाळीच्या सुमारास केलेली एक बाटली होती. बाकीच्या सगळ्या तपासण्यांत संपल्या होत्या, ही एवढी शिल्लक होती. सरांनी ती आणून खोक्यात ठेवली. रानातल्या ओढ्याच्या पाण्यावर सकाळी असतो तसला निळसर हिरवा उजेड बाटलीभर पसरला. सरांचा चेहरा त्यात न्हाऊन निघाला.

"हीच," ते म्हणाले. "हिलाच कालची चिठ्ठी लावा."

"सर," अक्काताई म्हणाली, "ती दिवाळीची हाय."

"अगं, केलीय तूच ना? तुझ्याच हातची? मग खोटं काय त्यात? नुसती तारीख." ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही बोला. पोरीचं आयुष्य आहे."

सरांच्या मनात पाप नव्हतं. स्वतःच्या मुलीसाठी केलं असतं तेच ते करत होते.

"चिठ्ठीवर सही तिची असते," मी म्हटलं. "तिनं सांगायचं."

अक्काताईनं हात ओढणीला पुसले. "त्यांनी ताजी मागितलीय. ताजी ही हाय. हीच दाखवतो."

"अगं, ही मेलीय!"

"मग मेलेली दाखवतो."

आमच्याकडच्या मुली 'दाखवतो', 'जातो' असंच बोलतात. पुण्याची माणसं त्याला हसतात. सर बाहेर जाता जाता पुटपुटले, "ही पोरगी आपल्या सगळ्यांना घेऊन बुडणार," आणि त्यांनी आणखी दोन उदबत्त्या लावल्या.

हळबे अगदी वेळेवर आले. उंच, सडसडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं पुस्तकी. दारातच थांबून त्यांनी श्वास घेतला.

"मला वाटलं होतं, थायॉलचा वास फाटकापासून येईल. तुमची प्रयोगशाळा तर देवघरासारखी आहे."

आरवाडे सरांचं एवढं कौतुक जन्मात कुणी केलं नसेल. "पाहुणे येणार म्हटल्यावर, साहेब... चहा घेऊ या?"

"चहा नंतर. मिस वरुटे कोण?"

"मी, सर. अक्काताई वरुटे."

हळबे किंचित अडखळले. एवढ्याशा मुलीला अक्काताई म्हणावं की काय, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसला. "ठीक आहे, मिस वरुटे. चला."

अंधारात तिनं बाटली खोक्यात ठेवली. दिवा लावायच्या आधीच म्हणाली, "ही कालची, सर. ताजी. ही उजळत न्हाई."

दिवा लागला. बाटली काळी. हळबे वाकून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. पण ते सरळ झाले तेव्हा लांबचा प्रवास फुकट गेलेल्या माणसासारखे दिसत होते.

"म्हणजे आमच्यासारखंच," ते म्हणाले.

"व्हय सर. तुमच्यासारखंच."

"मग आपण इथं कशासाठी जमलो आहोत?"

"आता ही बघा." तिनं शेजारी दिवाळीची बाटली ठेवली.

त्या उजेडात हळबे यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ही कधीची?"

"दिवाळीची. त्याच कृतीनं केलेली, त्याच मापानं."

"हीच पहिल्यांदा पुढे केली असती, तर मी सही करून आतापर्यंत चहा पीत असतो. मला कसं कळलं असतं?"

"तुम्ही ताजी मागितली होती."

"बरं. ही का उजळते आणि ती का नाही?"

"म्हाईत न्हाई सर."

दाराबाहेरून आरवाडे सरांचा "अरे देवा" ऐकू आला.

"परीक्षेच्या दिवशी परीक्षकाला माहीत नाही म्हणून सांगता?"

"म्हाईत न्हाई तर दुसरं काय सांगू?"

हळबे हसले. आल्यापासून पहिल्यांदाच. आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"कण मोठे झाले असतील," ते म्हणाले. "रात्रीतून एकमेकांना चिकटले असतील. माप बिघडलं की सगळं बिघडतं. तपासा."

तपासायला आमच्याकडे एक जुनं यंत्र होतं. त्यात नमुना ठेवला की तो कुठल्या रंगाचा प्रकाश गिळतो ते एक पेन कागदावर सावकाश रेघ ओढून दाखवायचं. रेघ कुठं खाली उतरते त्यावरून कणांचं माप कळे. आधी दिवाळीची बाटली, मग कालची. दुसरी रेघ पहिलीच्या अंगावरून चालत गेली, बरोबर त्याच जागी उतरली. हळबे यांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. दोन्ही बाटल्यांतले कण एकाच मापाचे होते.

"तारेची लांबी तीच हाय," अक्काताई स्वतःशीच बोलली.

"कसली तार?"

तिनं सतारीची गोष्ट सांगितली. मग सांगता सांगता तिचा आवाज हळू झाला. "लांबी तीच आणि तरी वाजत न्हाई. आमच्या गल्लीत असली सतार आली की म्हणतात, हिची जवारी गेली."

"जवारी?"

"घोडीचा वरचा भाग, सर, ज्याच्यावरनं तार जाती. तो घासून घासून एका अंगानं उतरता करतात, मगच सूर फुटतो. तो बिघडला की तार कितीबी चांगली असू दे, मुकी. तार न्हाई बिघडत. जिथं ती टेकती, तो पृष्ठभाग..."

ती थांबली. हळबेही तिच्याकडे बघत थांबले.

"मिस वरुटे," ते म्हणाले, "तुम्ही कण धुता किती वेळा?"

धुणं म्हणजे काय, तर अल्कोहोल घालून कण खाली बसवायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचे, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि तळातले कण पुन्हा स्वच्छ पाण्यात विरवायचे. जास्तीची रसायनं निघून जावीत म्हणून ते सगळेच करतात.

"एरवी दोनदा," ती म्हणाली.

"आणि काल?"

अक्काताईनं आरवाडे सरांकडे पाहिलं. सर उदबत्तीकडे पाहायला लागले.

"काल..." ती म्हणाली, "वास जाईपर्यंत."

"आणि तुमच्याकडे, डॉक्टर?" मी विचारलं.

हळबे यांनी चष्मा काढून हातात धरला. "आमची सगळी इमारत वातानुकूलित आहे. एका खोलीतला वास पाच मिनिटांत संचालकांच्या खोलीत जातो. मुलांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं..." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "वास जाईपर्यंत धुवा म्हणून."

आरवाडे सर खुर्चीत बसले. "म्हणजे पाहुण्यांसाठी आम्ही घालवला, आणि तुम्ही साहेबांसाठी?"

"तसंच दिसतंय."

"मग झालं तर!" सर उठलेच. "कारण सापडलं. आता घ्या चहा."

"सापडलं असं वाटतंय," हळबे म्हणाले. "पण मिस वरुटे, मला ते पटलंय. मी सही करायला तयार आहे."

अक्काताई जागेवर नव्हती. दिवाळीची बाटली हातात घेऊन ती बेसिनकडे निघाली होती.

"अगं, अगं, कुठं निघालीस?" आरवाडे सर ओरडले.

"धुतो."

"ती एकच आहे! तेवढीच उजळतेय सगळ्या सांगलीत!"

"म्हणून तर."

"नको," हळबेही म्हणाले. "खरंच गरज नाही. मला पटलंय म्हणालो ना."

ती वळली. "तुम्हाला पटलंय सर. पण तुम्ही बघितलं न्हाई."

तिनं अल्कोहोल घातलं, नळ्या भरल्या, सेंट्रिफ्यूज सुरू केलं. आमचं ते यंत्र जातं दळल्यासारखा आवाज करायचं. पहिल्या धुण्यानंतर तिनं नळी आरवाडे सरांच्या नाकाशी नेली.

"सर, येतोय?"

"येतोय," सर रडवेल्या आवाजात म्हणाले. "चांगला येतोय. पुरे कर."

ती परत धुवायला लागली. हळबे यांनी बाह्या आणखी वर केल्या आणि दुसऱ्या बाजूच्या नळ्या ते भरायला लागले. परीक्षक आणि परीक्षार्थी शेजारी शेजारी उभे राहून बाटली मारत होते. दर फेरीला नळी सरांच्या नाकाशी जायची. "येतोय?" "येतोय जरा." "आता?" "आता अगदी... नाही. नाही, आता नाही गं."

दिव्याखाली दोन्ही बाटल्या ठेवल्या. दोन्ही काळ्या. यंत्रानं तिसरी रेघ ओढली, तीही पहिल्या दोघींवरूनच गेली. माप जसंच्या तसं, आणि उजेड मात्र गेला.

आता आमच्याकडे उजळणारं काहीच उरलं नव्हतं. पाच वर्षांच्या कामातलं दाखवण्यासारखं जे काही होतं ते तिनं आपल्या हातांनी धुऊन टाकलं होतं. मला आठवतंय, आरवाडे सर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

अक्काताईनं थायॉलची कुपी उघडली. वासाचा लोट आला. दोन्ही बाटल्यांत तिनं थेंब थेंब टाकलं, बुचं लावली, हलवून ठेवली.

"किती वेळ लागेल?" हळबे यांनी विचारलं.

"म्हाईत न्हाई सर. असं कधी केलेलंच न्हाई."

या वेळी कुणी "अरे देवा" म्हणालं नाही.

आम्ही हात धुऊन माझ्या खोलीत जेवायला बसलो. मी डब्यात ज्वारीच्या भाकरी, भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. हळबे यांनी भाकरी मोडली आणि हातात तशीच धरून बसले. बाहेरच्या बोळातून थायॉलचा वास हळूहळू आत शिरत होता. आरवाडे सर मध्येच उठले. मला वाटलं, उदबत्ती लावायला निघाले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात विझवलेल्या उदबत्त्यांची जुडी होती. शिवाय त्यांनी खिडकीतला पंखाही बंद करून टाकला होता.

"वास बाहेर कशाला घालवायचा," ते खाली बसत म्हणाले. "लागतोय म्हणतात ना."

जेवण झाल्यावर आम्ही चौघं पुन्हा त्या खोलीत गेलो. दार लावलं. दिवा लागला, आणि प्रत्येकाला वाटलं की आपल्यालाच भास होतोय. कालची बाटली, सकाळी जी मेली म्हणून माझ्या टेबलावर आली होती, तिच्या तळाशी धूसर हिरवटपणा होता. अक्काताईनं ती उचलून हलवली आणि उजेड सगळ्या बाटलीभर चढला. मग दिवाळीची. ती पूर्वीइतकी लखलखीत झाली नाही, पण उजळली.

"आली की गं!" आरवाडे सर तिच्या पाठीवर थाप मारत ओरडले. "अक्काताई, आली की गं ही!"

हळबे यांनी दोन्ही बाटल्या हातांत घेतल्या. त्यांचं नाक बाटल्यांना जवळजवळ टेकलं होतं. "काय घाण वास आहे हा, अक्काताई," ते म्हणाले. आवाज मात्र मुलाचं जावळ हुंगणाऱ्या माणसासारखा होता.

दुपारी तोंडी परीक्षेला सभागृहात सगळं कॉलेज आलं होतं, इतिहासाचे प्राध्यापकसुद्धा, नाकाला रुमाल लावून. हळबे यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या प्रबंधात काय राहून गेलं आहे?"

"आम्ही सगळं मापाबद्दल लिहिलं, सर," ती म्हणाली. "रंग कोणता ते माप ठरवतं, ते बरोबर हाय. पण उजेड बाहेर येणार का आतच विरणार, ते कणाचा पृष्ठभाग ठरवतो. कडेच्या अणूंचे हात मोकळे असतात, एका बाजूला धरायला त्यांना कुणी नसतं. तिथनंच उजेड गळून जातो. थायॉल ते हात धरून ठेवतं. आम्ही ते घाण म्हणून धूत होतो. एरवी आमची धुण्यात हयगय होती म्हणून उजेड दिसायचा. आज सकाळपर्यंत हे मला म्हाईत नव्हतं."

"आणि कळलं कसं?"

"पाहुणे येणार होते, म्हणून जरा जास्त घासलं."

सभागृह हसलं. हळबे सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि तिथंच उभ्या उभ्या त्यांनी सही केली.

जाताना त्यांनी कालची बाटली मागून घेतली. कापडात गुंडाळून, पिशवीत घालून नेली. बंगलोरहून त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी हेच सांगितलं, की रेल्वेत रात्रभर त्यांच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही आणि पाय पसरून झोपायला मिळालं.

पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या लेखात आधीचं वाक्य नाव घेऊन मागे घेतलं. धुण्याचं कारण दिलं आणि ते प्रथम कुणी दाखवलं तेही लिहिलं. असं मागे घेणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. आता ते पुण्यात असतात, नव्वदीला टेकले आहेत, ऐकू कमी येतं. दिवाळीला फोन करतात तेव्हा माझी चौकशी नंतर, आधी "आमची अक्काताई काय म्हणते?"

आरवाडे सर दोन वर्षांनी निवृत्त झाले. निवृत्तीच्या भाषणात त्यांनी सांगून टाकलं की हा शोध मुळात त्यांच्यामुळे लागला, त्यांनी वास घालवायला सांगितला नसता तर कुणाला काही कळलंच नसतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तर खोलीत औषधांचा वास होता आणि सून उदबत्ती लावायला आली होती. सरांनी तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

अक्काताईनं पुढे एका विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. लग्न उशिरा केलं, नाव वरुटेच ठेवलं. तिच्या हाताखालून कितीतरी मुलंमुली डॉक्टर होऊन बाहेर पडली. त्यांतले काही परदेशांत असल्याच कणांवर काम करतात, आणि टीव्हीच्या पडद्यांत आता हेच कण रंग भरतात म्हणे. नातवानं घरी असला टीव्ही आणला तेव्हा तो मला रंग किती झळझळीत आहेत ते दाखवत होता. मी म्हटलं, मला सांगू नकोस बाबा, मला माहीत आहेत.

मला लोक विचारतात, इतकी वर्षं शिकवलंत, कशाचा अभिमान वाटतो? ते धरून चालतात की मी त्या उजेडाचं सांगेन. माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते ती बेसिनकडे निघालेली अक्काताईची पाठ. समोर सही करायला तयार असलेला परीक्षक, आणि हातात सांगलीतली शेवटची उजळणारी बाटली.

करोनात माझं नाक गेलं. बाकी सगळं परत आलं, वास काही आला नाही. फोडणी, मोगरा, सगळं सारखंच. गेल्या महिन्यात अक्काताई गाडी पाठवून मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. नवं बांधकाम, चकचकीत यंत्रं, वाफा ओढणारी मोठाली कपाटं. मी दारात उभी राहिले आणि सवयीनं श्वास घेतला. काही नाही. क्षणभर फार परकं वाटलं.

तेवढ्यात आतून एक मुलगी धावत आली. नवी असावी. मला पाहून ओशाळली, ओढणी नाकाला लावली. "सॉरी मॅडम, तुम्ही येणार माहीत नव्हतं. थांबा हं, आधी खिडक्या उघडते, वास फार येतोय."

आतून अक्काताईचा आवाज आला, तोच, तसाच. "राहू दे गं. येऊ दे की."

मी तिथंच खुर्ची ओढून बसले.